परसातल्या एकास आठ चढावर रॅक रेल्वे कशी बसवावी

प्रश्न थोडक्यात असा. रत्नागिरीजवळ घर आहे. मागच्या पडवीपासून विहिरीपर्यंत ९ मीटर अंतर आणि तेवढ्यात १.१ मीटर उतार. ४५ मिलिमीटर गेजचे रूळ टाकले, तीन किलोचं इंजिन आणि एकेक किलोचे दोन डबे. विहिरीकडून वर येताना गाडी निम्म्यावर येते आणि चाकं जागच्या जागी फिरतात. चाकांना रबराच्या रिंगा चढवल्या तर कोरड्यात जमतं, पण दव पडलं की पुन्हा तेच. मुलाकडे थ्रीडी प्रिंटर आहे. रॅक (रुळांच्या मधली दातेरी पट्टी) छापून बसवावा का, आणि सुरुवात कुठून करावी?

मी कोल्हापूरचा. नोकरी टूलरूममध्ये गेली, त्यामुळे दाते पाडणं हे रोजचंच काम होतं. आमच्या गच्चीवर आणि खालच्या बागेत मिळून रॅकच्या तीन लाइनी केल्या. पहिली मोडून टाकली, दुसरी नातवाच्या नावावर कशीबशी चालते, तिसरी नीट आहे. खाली लिहितोय ते बरंचसं पहिल्या दोन लाइनींनी शिकवलेलं आहे.

आधी तुमची चाकं का घसरतात ते बघू. चढ साधारण एकास आठ. पाच किलोची गाडी त्यावर नुसती धरून ठेवायलाच सव्वासहाशे ग्रॅमचा जोर लागतो. डब्यांच्या आसांचं घर्षण आणि वळणांचं ओढणं धरलं की पाऊण किलोच्या पुढे जातो. तीन किलोच्या इंजिनाची धातूची चाकं कोरड्या रुळावर वजनाच्या पाचव्या हिश्शाइतकी, म्हणजे सहाशे ग्रॅमची, पकड देतात. दव पडलं किंवा आंब्याची ओली पानं रुळावर चिकटली की ती निम्म्यावर येते. इंजिनात शिसं भरून वजन वाढवलं तरी तेच वजन वर चढवायला जास्त जोर लागतो, त्यामुळे फायदा अर्ध्याहून कमीच हाती येतो. मोटर दमदार असून उपयोग नाही.

खऱ्या रेल्वेचे आकडे शेजारी ठेवून बघा. बोरघाटाचा चढ एकास सदतीस, आणि तिथेसुद्धा मागून जादा इंजिनं लावावी लागतात. माथेरानची गाडी एकास वीसपर्यंत चढते तीही दात्यांशिवाय, पण त्यासाठी १९०७ साली पूर्ण झालेल्या त्या लाइनीला नेरळपासून वर जाईपर्यंत डोंगराला घोड्याच्या नालासारखे वळसे घालावे लागले. निलगिरीत एकास १२.२८ चा चढ आला तिथे मात्र कल्लार ते कुन्नूर दात्यांची लाइन टाकली. भारतात रॅकची रेल्वे ती एकच. तुमचा परस त्याहूनही उभा आहे.

म्हणून पहिला सल्ला असा की जागा असेल तर रॅकच्या नादी लागू नका. एकास पंचवीसने १.१ मीटर चढायला साडेसत्तावीस मीटर लाइन लागते. विहिरीला एक वळसा, माडांच्या आळ्यांमधून दुसरा, असं जमत असेल तर माथेरानवाल्यांचं ऐका. पण जागा नसेल, किंवा माझ्यासारखं तुम्हालाही दात्यांचा तो कटकट आवाज ऐकायचाच असेल, तर पुढे वाचा.

रॅक म्हटलं की सगळे आधी दात्यांकडे धावतात. मीही धावलो होतो. खरा निर्णय त्याआधीचा असतो. ही लाइन अख्खी दात्यांची करायची, की सपाटीवर साधी आणि चढावर दात्यांची अशी मिश्र? मिश्र लाइन दिसायला सुंदर, करायला डोकेदुखी. कारण त्याच इंजिनात चाकंही ओढणार आणि पिनियनही (रॅकमध्ये फिरणारं दातेरी चाक) ओढणार. दोघांचा वेग तंतोतंत जुळायला हवा. चाक ३० मिमी व्यासाचं आणि त्याच आसावर २० मिमीची पिनियन पक्की बसवली, तर एका फेऱ्यात चाकाला ९४ मिमी जायचंय आणि पिनियनला ६३. दाते जिंकतात, चाकं घासत राहतात, आणि पंधरा दिवसांत चाकांचा मुलामा उडून पितळ दिसायला लागतं. निलगिरीच्या स्वित्झर्लंडमध्ये बांधलेल्या एक्स वर्गाच्या इंजिनांनी हा पेच कसा सोडवला? चार सिलिंडर दिले. दोन चाकांना, दोन पिनियनला. सपाटीवर चाकांचे सिलिंडर एकटेच चालतात, दात्यांवर आलं की त्यांतून बाहेर पडणारी वाफ पिनियनच्या सिलिंडरांत जाते. दोन्ही यंत्रणा स्वतंत्र असल्यामुळे भांडण नाही. परसातल्या पहिल्या इंजिनात हे करायला जाऊ नका.

तुम्ही रिगीचा मार्ग धरा. स्वित्झर्लंडमधली फिट्झनाउहून वर जाणारी रिगीची लाइन १८७१ मध्ये सुरू झाली. चढ एकास चारपर्यंत, आणि गाडी ढकलायचं सगळं काम दात्यांचं. चाकं फक्त भार पेलायला आणि गाडी रुळावर ठेवायला. तुमच्या बाबतीत याचा अर्थ पडवीपासून विहिरीपर्यंत सलग रॅक, त्यासाठी एकच खास इंजिन, त्याची चारही चाकं आसावर मोकळी फिरणारी, आणि मोटरचा संबंध फक्त पिनियनशी. वेगाचा प्रश्न मिटला. रॅकमध्ये शिरतानाचा स्प्रिंगवाला तुकडा, तिथे दाते जुळणं, ही सगळी भानगडही मिटली. सांधेबदलाचा काटा मात्र या लाइनीवर कुठेही नको. रॅक रुळांपेक्षा उंच असल्यामुळे आडव्या रुळाला तो पार करता येत नाही.

आता चढाचा हिशेब नव्याने करू, कारण कागदावरचा एकास आठ जमिनीवर टिकत नाही. दोन्ही टोकांना गाडी उभी राहायला साठ-साठ सेंटीमीटर सपाटी हवी. उरले ७.८ मीटर. शिवाय सपाटीवरून एकदम चढ सुरू झाला तर तिथे गाडीचं पोट टेकेल किंवा कपलिंग सुटेल, म्हणून उभ्या दिशेने गोलाई द्यावी लागते. चार मीटर त्रिज्येची गोलाई धरली तर प्रत्येक टोकाला साठेक सेंटीमीटर त्यातच जातात. मग मधल्या सरळ भागात चढ एकास साडेसहा निघतो. गाडीला लागणारा जोर नऊशे ग्रॅमपर्यंत जातो. मी पुढचा सगळा हिशेब एक किलो धरून करतोय.

पिनियन कुठे बसवायची हा मुद्दा मला सगळ्यात जास्त महागात पडला. पहिल्या इंजिनात मी ती दोन आसांच्या बरोबर मध्ये टांगली होती, मोटरला सोयीचं म्हणून. आसांमधलं अंतर १२० मिमी. खालच्या गोलाईवर दोन्ही चाकं उचललेली आणि मध्ये रूळ खोल, त्यामुळे पिनियन रॅकपासून वर जायची आणि दाते सुटायचे. वरच्या गोलाईवर उलट. मध्ये रूळ उंच, म्हणून पिनियन रॅकवर दाबली जायची आणि चाकंच रुळावरून उचलली जायची. हा फरक काढायला आसांतल्या अंतराचा वर्ग करा आणि त्याला गोलाईच्या त्रिज्येच्या आठपटीने भागा. चार मीटर त्रिज्येला तो ०.४५ मिमी येतो. आकडा किरकोळ वाटेल, पण एक मॉड्यूलच्या (मॉड्यूल म्हणजे दात्याच्या आकाराचं माप) दात्यांची एकमेकांतली पकडच सगळी मिळून २ मिमी असते. त्यातला पाव हिस्सा असा गेला, वर सांध्यातला फरक, वर रुळाचा हेलकावा. दाते दाणकन उड्या मारायला लागले.

उपाय सोपा आहे. पिनियन आसावरच बसवा. चाक जिथे रुळाला टेकतं त्याच रेषेत पिनियन असली की गोलाई कितीही असो, उंचीत फरक पडतच नाही. पिनियन आसाला पक्की, आस मोटर फिरवते, आणि त्याच आसावर दोन्ही चाकं बुशांवर मोकळी. दोन आसांपैकी उताराकडचा आस निवडा, कारण चढताना इंजिनाचं वजन थोडं मागे सरकतं आणि पिनियन खाली धरून ठेवतं. हे धरून ठेवणं गरजेचं असतं. २० अंश कललेल्या बाजूंच्या दात्यांवर एक किलोचा जोर आला की साडेतीनशे ग्रॅमचा जोर पिनियनला वर उचलू पाहतो. तीन किलोच्या इंजिनाला त्याचं काही वाटत नाही, पण हलकं प्लास्टिकचं इंजिन कराल तर ते टुणटुण उडेल. स्वित्झर्लंडमधल्याच पिलाटस डोंगराच्या लाइनीवर चढ शंभराला अठ्ठेचाळीस. तिथे वरून टेकणारी पिनियन उचलली जाईल या भीतीनेच लोखर या इंजिनिअरने १८८९ मध्ये दोन्ही बाजूंनी आडवी पकडणारी दातेरी चाकं लावली.

मापं लिहून घ्या. चाक ३० मिमी, म्हणजे आस रुळाच्या माथ्यापासून १५ मिमी उंच. पिनियन एक मॉड्यूल, २० दाते, पिच व्यास (दाते जिथे एकमेकांना भिडतात तिथला) २० मिमी. म्हणून रॅकची पिच रेषा रुळाच्या माथ्यापासून ५ मिमी वर आणि दात्यांची टोकं ६ मिमी वर. तुमच्या डब्यांच्या आसांना ही उंची आड येणार नाही. सध्याच्या इंजिनाचा गिअरबॉक्स मात्र रॅकवर आपटेल, तेव्हा ते या लाइनीवर आणू नका. १७ पेक्षा कमी दात्यांची पिनियन करू नका, दात्याच्या मुळाशी कुरतडल्यासारखा खड्डा पडतो आणि दाता तिथेच मोडतो.

मोटर. एक किलो जोर, पिनियनची त्रिज्या एक सेंटीमीटर, म्हणजे टॉर्क एक किलो-सेंटीमीटर. दुकानात गिअर मोटर याच एककात विकतात, तीन किलो-सेंटीमीटरची घ्या. फेरे मिनिटाला नव्वदच्या आसपास. मग गाडी सेकंदाला साडेनऊ सेंटीमीटर जाईल आणि नऊ मीटर चढायला दीड मिनिट लागेल. कमी वाटतं? निलगिरीची गाडीही दात्यांवर रमतगमतच जाते. ताकद म्हणाल तर एक वॅटही लागत नाही, वर्मचं (मळसूत्रासारख्या दात्याच्या गिअरचं) घर्षण धरून अडीच. बारा व्होल्टची पाच वॅटची मोटर भरपूर झाली.

पण ती वर्म गिअरचीच हवी. माझ्या पहिल्या इंजिनात साधी सरळ दात्यांची गिअर मोटर होती आणि वीज रुळांतून दिली होती. एका संध्याकाळी पाहुणे जमले, गाडी वरच्या टोकाला पोचत आली आणि लाइट गेली. सरळ दात्यांचा गिअर उलटा फिरायला काही हरकत घेत नाही. अंधारात ती कटकट आधी सावकाश, मग भरभर, मग एकच सळसळ, आणि खाली अबोलीच्या कुंडीवर धाडकन आवाज. पिनियनचे चार दाते शिल्लक होते. सौ. म्हणाली, कुंडी बदलून मिळेल ना? एकसुती वर्म असेल तर मोटर बंद पडताच गाडी जिथल्या तिथे उभी राहते, तोच तिचा ब्रेक. खात्री म्हणून इंजिन हातात धरून पिनियन अंगठ्याने फिरवून बघा. फिरली तर ती मोटर या कामाची नाही.

ती गाडी एकटी खाली आली नाही, डबे घेऊन आली, हाही धडाच. इंजिन नेहमी उताराच्या बाजूला ठेवायचं आणि डबे वरच्या बाजूला, म्हणजे चढताना इंजिन ढकलतं आणि उतरताना थोपवतं. निलगिरीतही असंच असतं. कपलिंग सुटलं तरी डबे पळून जाणार नाहीत. ढकलण्याचा एक तोटा आहे. हलके डबे वळणावर आडवे होऊन रुळावरून उतरतात. म्हणून डब्यांचं वजन तळाशी ठेवा आणि १.२ मीटरपेक्षा कमी त्रिज्येचं वळण चढावर घेऊ नका. तुमची लाइन सरळ जात असेल तर सरळच जाऊ द्या.

आता रॅक, आणि मुलाचा प्रिंटर. छापलेल्या रॅकला माझा विरोध नाही, पण उन्हाला आहे. मे महिन्याच्या दुपारी उघड्यावरच्या रुळाला हात लावून बघा, साठ अंशांच्या घरात जातो. जानेवारीच्या पहाटे तोच पंधराच्या आसपास असतो. फरक पंचेचाळीस-पन्नास अंशांचा. पितळेची एक मीटर पट्टी एवढ्या फरकात एक मिलिमीटरही वाढत नाही. पोलाद त्याहून कमी. नायलॉनची चार मिमी वाढते आणि डेल्रिन या कडक प्लास्टिकची पाचच्या पुढे जाते. आपल्या दात्याचा पिच, म्हणजे एका दात्यापासून पुढच्यापर्यंतचं अंतर, आहे ३.१४ मिमी. म्हणजे सलग एक मीटर डेल्रिनचा रॅक उन्हाळ्यात अख्खा एक दाता गिळतो! प्रिंटरचं नेहमीचं पीएलए प्लास्टिक तर त्या उन्हात मऊच पडतं. छापायचंच असेल तर एएसए प्लास्टिक वापरा, दोन मॉड्यूलचे मोठे दाते घ्या आणि सोळा दात्यांचे, म्हणजे १००.५ मिमीचे, छोटे तुकडे करा. पिनियनही मग दोन मॉड्यूलची लागेल आणि वर दिलेल्या उंच्या बदलतील. छापून झाल्यावर एका तुकड्याचे पंधरा पिच व्हर्निअरने मोजा, ९४.२५ मिमी यायला हवेत. छापलेला तुकडा थंड होताना आकसतो, तेवढं प्रमाण वाढवून पुन्हा छापा. एवढं सगळं करूनही मी ते चाचणीपुरतंच ठेवीन. कोकणातला पाऊस आणि ऊन आलटून पालटून खाल्लेलं प्लास्टिक दोन-तीन वर्षांत ठिसूळ होतं. ४५ मिमी गेजसाठी एलजीबी या जर्मन मॉडेल रेल्वेचा तयार प्लास्टिक रॅकही मिळतो, पण तो मागवला की दात्याच्या मापासाठी त्यांचंच इंजिन मागवावं लागतं, आणि मग आपण काय केलं?

माझी दुसरी लाइन साखळीची. शंभर सीसीच्या मोटरसायकलच्या इंजिनात आत जी बारीक टायमिंग चेन असते, तिचा पिच सव्वासहा मिलिमीटरच्या किंचित वर. ती अॅल्युमिनियमच्या यू चॅनेलमध्ये ताणून टाकली आणि बारा दात्यांचं स्प्रॉकेट वर चालवलं. स्वस्तात काम झालं, नातू खूश. पण स्प्रॉकेटचे दाते साखळी गुंडाळून घेण्यासाठी घडवलेले असतात, सरळ पडलेल्या साखळीवर चालायला नव्हे. त्यामुळे गाडी थडथडत जाते. गॅरेजवाल्याकडून फुकट मिळालेली जुनी चेन तर मुळीच घेऊ नका, ती ताणलेली असते आणि प्रत्येक कडीचा पिच वेगळा. नवी घेतली तरी गंज आहेच. तुमच्या खाऱ्या हवेत ती एका पावसाळ्यात आवळून जाईल.

म्हणून पितळ. ३ मिमी जाड, १२ मिमी रुंद पट्टी घ्या. आडव्या मिलिंग मशीनवर एक मॉड्यूलचा रॅकसाठीचा कटर लावायचा. तो १३५ दात्यांपासून पुढे रॅकपर्यंतचा असतो. दहा पट्ट्या एकत्र व्हाइसमध्ये आवळल्या की एका सेटिंगमध्ये दहा रॅक निघतात. खोली २.२५ मिमी. प्रत्येक दात्याला ३.१४ असं पुन्हा पुन्हा सरकवू नका, चूक साठत जाते. शून्यापासून एकूण अंतर धरा: ३.१४, ६.२८, ९.४२, १२.५७, याप्रमाणे, आणि टेबल एकाच दिशेने फिरवा म्हणजे स्क्रूचा ढिलेपणा मध्ये येत नाही. डिजिटल रीडआउट असलेली मशीन मिळाली तर हे सगळं सोपं जातं. ९६ दात्यांचा तुकडा म्हणजे ३०१.६ मिमी. तो दोन दात्यांमधल्या दरीच्या मध्यावर कापायचा, दात्यावर कधीच नाही. तुमच्याकडे मशीन नसेल तर जवळच्या एमआयडीसीत गिअर कटिंगवाला शोधा आणि त्याला मॉड्यूल, प्रेशर अँगल (दात्याच्या बाजूचा तो २० अंशांचा कल), दात्यांची संख्या हे तीन आकडे कागदावर लिहून द्या. ‘छोटे दाते पाडून द्या’ म्हणालात तर त्याच्याकडे जो कटर लावलेला असेल त्याचे पडतील.

सांध्यांसाठी माझी एक युक्ती आहे. ती गवंड्याकडून उचलली. विटांचा थर लावताना सांध्यावर सांधा येऊ देत नाहीत, सांधमोड करतात. तसं रॅकच्या दोन पट्ट्या शेजारी शेजारी उभ्या ठेवायच्या, दाते एका रेषेत, पण एकीचा सांधा दुसरीच्या मध्यावर. वर ७ मिमी रुंदीची एकच पिनियन. एका पट्टीचा सांधा आला की दुसरी पट्टी तिथे अखंड असते आणि पिनियनला सांधा कळतच नाही. स्विस इंजिनिअर आप्टने १८८२ मध्ये पेटंट घेतलेल्या पद्धतीत याहून पुढे जाऊन शेजारच्या पट्ट्यांचे दातेही मागेपुढे सरकवलेले असतात, त्यामुळे पकड कधीच पूर्ण सुटत नाही. निलगिरीत तीच पद्धत. आपल्या वजनाला तेवढी गरज नाही. साठ पट्ट्या लागतील, म्हणजे सहा सेटिंग. दोन दिवसांचं काम धरा.

पट्टी बसवताना मधल्या भोकात स्क्रू पक्का, टोकांकडची भोकं लांबट, म्हणजे पट्टी मधून दोन्हीकडे मोकळी वाढेल. सांध्यात किती फट ठेवायची हे त्या वेळच्या उन्हावर ठरतं. मेच्या दुपारी बसवत असाल तर टोकाला टोक टेकवलं तरी चालेल, जानेवारीच्या सकाळी पाव मिमी सोडा. पिच जुळवायला मोजपट्टी लागत नाही. त्याच रॅकचा बोटभर तुकडा उलटा करून सांध्यावर ठेवायचा. त्याचे दाते दोन्ही तुकड्यांत बसले की पिच जुळला, तसाच दाबून धरून स्क्रू आवळायचे. पिनियन आणि रॅकमध्ये किंचित ढिलाई हवी, कारण बाहेर माती येणारच. मधे जुनं व्हिजिटिंग कार्ड धरून उंची लावली की काम होतं.

पायाबद्दल. साध्या बागेतल्या लाइनीला खडीवर सोडलेले रूळ चालतात. चढावर नाही. माझी पहिली लाइन खडीवरच होती. उन्हाळाभर रोज दुपारी ती फुगायची, रात्री आकसायची, आणि आकसताना वर जाण्याऐवजी दर वेळी केसभर खाली बसायची. जूनमध्ये वरच्या टोकाला पाहिलं तर सपाटीच्या आणि चढाच्या रॅकमध्ये चौदा मिमी फट. साडेचार दाते! खऱ्या घाटातही उभ्या चढावर रूळ असे सरकतात, म्हणून त्यांना काँक्रीटमध्ये अडकवावं लागतं. तुम्ही खालच्या टोकाला काँक्रीटचा ठोकळा भरा आणि सगळी लाइन त्याला टेकवून बांधा. वाढ-घट होऊ दे, पण ती वरच्या दिशेने.

तुमच्याकडे चिरा मुबलक आहे. जांभ्याच्या चिऱ्यांचे खांब दर साठ सेंटीमीटरवर उभे करा, त्यांवर अॅल्युमिनियमचे चौकोनी पाइप शिडीसारखे टाका आणि शिडीवर स्लीपर. चढाची रेषा लेझरने कशाला, गवंड्याची पाण्याची नळी पुरते. दोन्ही टोकांची उंची नळीने घ्यायची, मध्ये दोरी ताणायची, आणि गोलाईसाठी पातळ प्लायची पट्टी वाकवून खांबांची उंची ठरवायची. लाइन जमिनीलगत चर खणून नेऊ नका. एकास साडेसहाचा चर म्हणजे पावसाळ्यातला पाटच, पहिल्या मोठ्या सरीत खडी विहिरीत. खांबांवर असेल तर पाणी खालून निघून जातं आणि पानंही कमी अडकतात.

जांभ्याची लाल धूळ दात्यांना सगळ्यात वाईट. रॅकला ग्रीस किंवा तेल कधीही लावू नका, त्यात ती धूळ कालवली की घासकामाची पेस्ट तयार होते. कोरडं ठेवा, आणि गाडी काढायच्या आधी जुन्या टूथब्रशने दरीतली माती झटका. मुंग्या दात्यांमध्ये माती भरून ठेवतात, त्यांना जागा आवडते. पिनियन मी पोलादाची करत नाही, पितळेचीच करतो, नाहीतर रॅक झिजेल. साठ पट्ट्यांपेक्षा एक पिनियन बदलणं सोपं. डेल्रिनची पिनियन आवाज कमी करते, पण तिच्या मऊ अंगात वाळूचे कण रुतून बसतात आणि मग ती कानशीसारखी रॅक खाते.

वीज रुळांतून देऊ नका. खारी हवा आहे. डब्यात बॅटरी ठेवा, छोटा रेडिओ कंट्रोल लावा. दोन्ही टोकांना रुळाखाली चुंबक, एक डावीकडे आणि एक उजवीकडे, इंजिनाखाली त्यांच्या समोर येणारे, चुंबकाजवळ वीज तोडणारे दोन रीड स्विच, आणि प्रत्येकाला समांतर एकेक डायोड, दोन्ही उलट दिशांचे, म्हणजे टोकाला गाडी थांबते पण उलट दिशेने निघू शकते. हे विसरलात तर इंजिन टोकाच्या अडथळ्यावर ढुशा देत राहतं आणि वर्म तिथे दाते कातरतो. नातवंडं असतील तर पिनियनच्या दोन्ही बाजूंना पत्र्याचं झाकण हवंच. वेग कमी असला तरी वर्मच्या मागे ताकद असते आणि बोट अडकलं तर ती मोटर सोडत नाही.

आणि चिरे मागवायच्या आधी एक करा. दीड मीटरची फळी घ्या, तिच्यावर रूळ आणि मुलाने छापलेला रॅक बसवा, पिनियनही त्याच मापाची छापलेली. फळीचं एक टोक तेवीस सेंटीमीटर उचला, म्हणजे एकास साडेसहा. त्यावर इंजिन आणि दोन भरलेले डबे चढवा. मध्यावर आल्यावर बॅटरीची वायर काढा आणि चहा पिऊन या. परत आल्यावर गाडी तिथेच असेल तर पितळेची ऑर्डर द्या. खाली आली असेल तर मोटर बदला, आणि फळीच्या टोकाला कुंडी ठेवू नका.